सव्वीस सेकंद

रविवार, २ नोव्हेंबर

स्पीकर बंद! तिसरी घंटा देऊन झाली होती, अकरा मुलं चपला बाहेर काढून सतरंजीवर बसली होती, पडद्यावर नाटक सुरू — आणि आवाजच नाही. राजाभाऊंनी तीन वायरी उपटल्या, चार खोचल्या. ते इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस, म्हणून वायरींना हात त्यांनीच लावायचा. शेवटी घाम पुसत म्हणाले, "आज मूकपट समजा!"

आणि गंमत अशी, की दोन महिन्यांत नाट्यवर्ग इतका रंगला नव्हता. एरवी रेकॉर्ड केलेलं नाटक लावलं की पाचव्या मिनिटाला हेरंबचा हात वर. "सर, उसंत मतलब?" ही दिल्लीत वाढलेली मुलं. अर्धा वेळ शब्दांच्या मागे धावण्यात जातो. आज शब्दच नव्हते, तेव्हा सगळी बघायला लागली. केतन म्हणाला, ही सून सासूकडे एकदाही बघत नाही. हेरंब उसळला, "बघते यार! कपाटाच्या आरशातून बघते!" मी मागे नेऊन पाहिलं. खरंच बघते! हे नाटक मी चारदा पाहिलंय. मला दिसलं नव्हतं.

तेव्हा ठरलं. यापुढे आधी आवाज बंद, मग चर्चा, मग आवाजासकट.

अनुष्का आजही काही बोलली नाही. कोपऱ्यात बसते, बघते, जाते.

घरी आलो तर प्रभा दारात. "घंटा?" मंडळातच राहिली! तिसरी घंटा म्हणून मी देवघरातली नेतो. आरती टाळ्यांवर झाली. गणपतीने चालवून घेतलं. प्रभाने नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चेतनाच्या लग्नाची पत्रिका. कोपऱ्यांना हळदीकुंकू. पाच डिसेंबर, गावातच, भैरोबाच्या देवळापुढे मांडव. चेतना म्हणजे सूर्यादादाची एकुलती एक. मी शेवटची पाहिली तेव्हा शाळेत होती.

आत दादाच्या हातची एक ओळ — "धाकल्या, ये." अक्षर किती वेडंवाकडं! शाळेत फळ्यावरचा सुविचार लिहायचा हा माणूस. घाईत खरडलं असणार. दहा मिनिटं फोन करायला काय झालं होतं?

पत्रिका देवापुढे ठेवली. प्रभा म्हणाली, "जायचं ना?" मी म्हणालो, बघू.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चेतनाचा फोन. "काका, पत्रिका मिळाली? आणि बाबांनी माळ्यावरून एक कॅसेट शोधून काढायला लावली. जत्रेतल्या नाटकाची! मी साताऱ्यातून कॉपी करून आणली. काकूंना पाठवलीय."

"बरं. दादा आहे का तिथे?"

घाईघाईने म्हणाली, "कामात आहेत, काका."

कामात! मुलीच्या लग्नाला सख्ख्या भावाला बोलवायचं आणि त्याच्याशी बोलायला वेळ नाही. मग मीही कामातच आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रभा करोल बागेतून साडी घेऊन आली. म्हणाली, "लग्नाची नाही हो. अशीच." मोरपंखी, जरीचे काठ. अशीच!

बाहेर धूर इतका की समोरची इमारत दिसत नाही. मुलांच्या शाळा बंद, पण वर्गाला यायचंय म्हणून अकरा घरांतून फोन. बरं वाटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

राजाभाऊंनी पालकांची तक्रार आणली. "नाटकाच्या वर्गात पडदा बघत बसतात, तेही आवाज बंद करून! स्नेहसंमेलनात मुलं काय दाखवणार?" मी म्हणालो, आधी बघायला शिकू दे. राजाभाऊ म्हणाले, "बिल्कुल शिकू दे. पण एक नाच बसवाच." बसवतो म्हणालो. कोण वाद घालणार!

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रभाने आज सरळ विचारलं. "एका नाटकापायी माणूस अकरा वर्षं गावाला जात नाही?" आई गेली तेव्हा गेलो होतो, त्यानंतर नाही. तिला म्हणायचं ते इथे लिहितो.

मी वीस वर्षांचा. जत्रेचं नाटक गुरुजींनी लिहिलेलं. दादा बाप, मी धाकटा मुलगा. तिसऱ्या अंकात धाकटा घर सोडून निघतो तेव्हा त्याचं दोन पानांचं भाषण. तीन महिने विहिरीवर पाठ केलं. बैलसुद्धा वैतागले असतील! त्या दिवशी मी उभा राहिलो, भाषण सुरू केलं, रंगात आलो — आणि दादा रंगमंचावर घुसला. त्याची एन्ट्री पुष्कळ नंतरची. माझ्यापुढे येऊन म्हणाला, "बोलू नकोस! तू काय बोलणार ते मला ठाऊक आहे." आणि माझंच भाषण, माझंच, तो बोलला. बाया डोळ्यांना पदर लावून रडल्या. उत्कृष्ट नटाचं बक्षीस त्याला. भिंतीवरचं घड्याळ. घरी आल्यावर म्हणाला, "हे घे, तुझंच आहे." इतका राग आला होता! ते घड्याळ अजून गावी माजघरात आहे. मी त्यात कधी वेळ पाहिली नाही.

पुन्हा उभा राहिलो नाही रंगमंचावर. परीक्षा दिली, दिल्लीला आलो. दादाशी बोलणं राहिलं ते एवढंच — आलास का, निघालो.

देवापुढे बसलो की हे सगळं लहान वाटतं. उठलो की पुन्हा मोठं होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एकादशी. साबुदाणा मोकळा झाला. लग्नाचं अजून बघू.

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहायला हात धजत नाही. पण आजचं आज लिहायला हवं.

तिसरी घंटा दिली आणि हॉलचं इंटरनेट गेलं. ठरलेलं नाटक उघडेना. राजाभाऊ वायरींकडे निघाले, मी म्हणालो, राहू द्या, आज नुसत्या गप्पा मारू. हेरंब उभाच राहिला. "सर, चीटिंग! तुम्हीच म्हणता ना, तिसरी घंटा झाली की पडदा उघडलाच पाहिजे!"

म्हणतो खरा. गावात गुरुजी म्हणायचे. तिसऱ्या घंटेनंतर थांबणं म्हणजे रंगदेवतेला दारातून परत पाठवणं.

केतन माझ्या लॅपटॉपपाशी. "सर, इथे एक फाईल आहे. जत्रा नाटक. ही कुठली?"

प्रभाने उतरवून ठेवलेली! मी अकरा दिवस उघडली नव्हती. नको म्हणायला तोंड उघडलं, तर अकरा जण माझ्याकडे बघत होते आणि घंटा माझ्याच हातात होती.

म्हणालो, गावाकडचं आहे. जुनं. तिसरा अंक लावा.

नट कोण, ते सांगितलं नाही. लग्नांचं शूटिंग करणाऱ्याने एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेलं. रंग उडालेले, पडद्यावर महालाचं चित्र, त्यापुढे फेटा बांधलेला बाप येऊन गेला, मग नऊवारीतला एक मिशा न काढलेला पुरुष. मुलं हसून लोळली. मग मी आलो. हेरंब म्हणाला, "हा कसला सुकडा आहे यार!" मी म्हणालो, हो, आहे खरा.

आवाज बंदच होता.

सुकडा मधोमध येऊन उभा राहिला. मी वाट बघत होतो — आता तो हात उचलेल, आता बोलायला लागेल. तो उभाच. केतन म्हणाला, "हा बोलत का नाहीये?" मला वाटलं चित्र अडकलं. पण मागे महालाचा पडदा वाऱ्याने हलत होता. कोणीतरी म्हणालं मोजा. केतनने मागे नेऊन मोबाईलवर मोजलं.

सव्वीस सेकंद. तोंड मिटलेलं. एक शब्द नाही!

मी बोलत होतो. तीस वर्षं मी बोलत होतो!

मग डावीकडून बाप आला. "सर, याचा फेटा कुठेय? मघाशी होता." "पायात चप्पल पण नाही." खरंच, बोडका आणि अनवाणी. जसा आत बसला होता तसा धावत आलेला. आला आणि थेट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. केतन म्हणाला, "चूक! सर, तुम्ही सांगता पाठ करायची नाही." हेरंब म्हणाला, "तो भडकलाय त्याच्यावर. दम देतोय."

"नाही."

सगळे वळले. अनुष्का! दोन महिन्यांतला पहिला शब्द.

"दम नाही देत," ती म्हणाली. "त्याला लपवतोय. लोकांना त्याचा चेहरा दिसू नये म्हणून मधे उभा राहिलाय. हाताकडे बघा ना."

केतनने पुन्हा मागे नेलं. बापाचा उजवा हात मुलाच्या खांद्यावर. हळूहळू थोपटतोय.

"मला स्टेजवर भीती वाटली होती ना, शाळेत," अनुष्का म्हणाली, "तेव्हा कोणी नव्हतं आलं."

केतनने चित्र पुन्हा बापाच्या एन्ट्रीपाशी नेलं.

मग आवाज लावला. जनरेटरची घरघर, आणि त्यातून दादा. तिशीही न गाठलेला माझा दादा. "बोलू नकोस. तू काय बोलणार ते मला ठाऊक आहे." केवढ्या मायेने म्हणाला होता! माझ्या कानात तीस वर्षं ते दरडावणं होतं.

त्यानंतर माझी दोन्ही पानं तो बोलला. मुलाचं भाषण बापाच्या तोंडून — 'तू म्हणशील', 'तू म्हणशील' असं जोडत. एक ओळ सुटली नाही. म्हणजे विहिरीवर मी घोकत होतो तेव्हा तोही कुठेतरी ऐकत होता.

डोळ्यांत धूर गेला म्हणालो. दिल्लीत आजकाल हे कोणालाही पटतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रभाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. "मी आली त्याच दिवशी बघितली. दोनदा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगून पटलं असतं तुम्हाला?"

नसतं पटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तिकिटं काढली. वेटिंगवर आहेत, पण होतील. रजेचा अर्ज दिला. अवर सचिवांनी विचारलं, "किसकी शादी है?" म्हणालो, बेटी की. भाई की बेटी की. लगेच सही! अकरा वर्षांत गावासाठी रजा मागितली नव्हती, त्यांनाही नवल वाटलं असेल.

दादाला फोन करायला हवा. काय म्हणायचं? दोन पानं तयार करून पाहिली मनात. सगळी खोटी वाटली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोन हातात घेतला. ठेवला. प्रभा म्हणाली, "पुन्हा सव्वीस सेकंद?" बायको आहे की कोण ही!

रविवार, २३ नोव्हेंबर

मुलांना सांगून टाकलं. सुकडा मीच. हेरंब इतका लाजला की सतरंजीत तोंड लपवलं. "सॉरी सर! पण आता तुम्ही सुकडे बिल्कुल नाही!" सगळे माझ्या पोटाकडे बघून हसले. मीही.

केतनने विचारलं, "आणि ते बाबा झालेले?"

माझा दादा.

अनुष्काने विचारलं, "त्यांना थँक्यू म्हणालात?"

पाच डिसेंबरला भेटणार आहे, मी म्हणालो.

"म्हणजे नाही म्हणालात," ती म्हणाली. आता बोलायला लागली तर थांबत नाही!

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी पूजा झाल्याबरोबर फोन लावला. चेतनाला म्हणालो, काम असू दे, दादाच्या कानाला फोन लाव. लावला. म्हणालो, दादा, ती कॅसेट बघितली. पलीकडे श्वास. दादा, मी चुकलो रे. नुसता श्वास. घशातून काहीतरी आलं, शब्द नव्हता तो. मग चेतना, रडत — "काका, बाबांची वाचा गेलीय. जुलैत झटका आला. उजवा हातही. डाव्या हाताने लिहून मला बजावलं होतं, धाकल्याला सांगायचं नाही. कीव म्हणून नको यायला. यायचं तर तसाच येऊ दे."

म्हणालो, फोन पुन्हा त्याच्या कानाला लाव.

"दादा, बोलू नकोस," मी म्हणालो. "तू काय बोलणार ते मला ठाऊक आहे. मांडवात मी बोलेन."