शेवटचा कोण?

मंगळवार, ७ मे

दारिएल आलाय. माद्रिदला जाऊन पाच वर्षं झाली आणि आता याला आपला देश आठवला! दहा मिनिटांचा माहितीपट करायचाय म्हणे, हवानातलं रोजचं जगणं. आम्ही ते रोज जगतोच आहोत. बघायला या म्हणून कुणी आमंत्रण दिलं होतं?

तरी मी हो म्हटलं. चार महिने माझा माइक पेटीत पडून आहे. आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो, तो कॅमेऱ्याकडे गेला, मी आवाजाकडे. मग तो विमानात बसला आणि मी इथेच राहिले.

आज दिवसभर त्याने आमच्या चाळीच्या भिंती टिपल्या. जिथे पोपडे जास्त तिथे जास्त वेळ. "काय प्रकाश पडलाय इथे," म्हणत होता. त्याच भिंतीमागची खोली गेल्या वर्षी बसली, अजून कुणी ढिगारा उचललेला नाही. मला उंदरांची खुडबुड ऐकू येत होती हेडफोनमधून. त्याला सांगितलं तर म्हणतो, तेही टिप. शी!

बुधवार, ८ मे

आता याला रांग हवी आहे. मी खालच्या ओब्दुलियाला विचारलं. ती उद्या औषधांच्या दुकानात जायचीच आहे, गुरुवारी ट्रक येतो. तिच्या भावाला, एवेलियोला, फिट येतात. त्याच्या गोळ्या गेले दोन गुरुवार आल्याच नाहीत. घरात आहेत त्या ती सुरीने अर्ध्या करून देते. उद्या मिळाल्या नाहीत तर शनिवारपर्यंतच पुरतील.

"काढा की फोटो," म्हणाली. "मी तिथे बसणारच आहे. फक्त मला उन्हात उभं करू नका, गुडघा बोलतो माझा."

गुरुवार, ९ मे

आज लिहितेय ती नुसत्या संतापाने.

सकाळी सातला ओब्दुलिया पोचली तेव्हा तिचा नंबर अकरावा होता. "शेवटचा कोण?" तिने विचारलं, एका टोपीवाल्याने हात वर केला. त्याच्यापुढे कोण तेही तिने विचारून घेतलं आणि जाऊन झाडाखाली बसली. सगळ्यांचं तसंच. कुणी पायरीवर, कुणी समोरच्या फुटपाथवर, एक बाई तर घरी जाऊन घेवडा शिजत ठेवून आली. ओळ नसते आमच्यात, पण रांग असते. प्रत्येकाला आपला पुढचा माहीत असतो, बस्स. याच रांगांत जन्म गेला दारिएलचा. पाच वर्षांत विसरला!

लोक इतके पांगलेले की माझा माइक कुणापर्यंत धड पोचेना. वर स्कूटरींचा कलकलाट. दारिएलला तर सगळे एका चौकटीत हवेच होते. दहाला ट्रक आला आणि नेमकं तेव्हाच त्याने सगळ्यांना भिंतीशी ओळीत उभं केलं. कॅमेरा बघून लोक हौसेने उठले. जे आत्ता आले होते तेही घुसले. घरी गेलेले घरीच राहिले. ओब्दुलिया गुडघा धरून उठेपर्यंत ओळ कोपऱ्यापर्यंत गेली होती. शटर वर गेलं आणि तीच ओळ खरी झाली. टोपीवाल्याने भांडून बघितलं, त्यालाच लोकांनी मागे ढकललं.

फिटच्या गोळ्या बाविसाव्या माणसाला संपल्या.

ओब्दुलिया सरळ दारिएलसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "चाळीस वर्षं मी इथे रांगेला बसते. माझा नंबर कधी गेला नव्हता. तू आम्हाला ओळीत उभं केलंस." याची मान खाली. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं. माफीचा एक शब्द नाही, आणि कॅमेरा चालूच! इतका कोडगा माणूस मी पाहिला नाही.

शुक्रवार, १० मे

शहरातल्या तीन दुकानांत जाऊन आले. नाहीत. चौथ्या दुकानातली पोरगी नखं रंगवत होती. मान वर न करताच नाही म्हणाली.

रविवार, १२ मे

मातृदिन. सगळी चाळ केक सांभाळत जिना चढत होती. दुपारी बाराला जिन्यापाशी, पाण्याच्या टाकीजवळ एवेलियोला फिट आली. पुढचा दात गेला, ओठाला पाच टाके. ओब्दुलिया त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि लोक केक उंच धरून तिला ओलांडून जात होते. मीही ओलांडून गेले, चादर आणायला. परत आले तेव्हा ती म्हणाली, "त्या फिल्मवाल्याला सांग, आता ये म्हणावं. आता प्रकाश चांगला पडलाय."

मला खरंच शिसारी आली. दारिएलची, त्याच्या कॅमेऱ्याची, केकवरच्या त्या निळ्या साखरेची.

मंगळवार, १४ मे

दारिएल गोळ्या घेऊन आला, दोन महिन्यांच्या. माद्रिदहून कुणाच्या तरी बॅगेतून मागवल्या. ओब्दुलियाने घेतल्या आणि दार लावून घेतलं. बरं केलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. म्हटलं, झालं का मन साफ?

"गोळ्या आहेत, इदानिया," तो म्हणाला. "नुसत्या गोळ्या आहेत."

वर आणखी काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला बोलू दिलं नाही. चांगलं झापलं. ओब्दुलियाचं नाव घ्यायचीही तुझी लायकी नाही म्हटलं. तो जिना उतरून गेला.

शुक्रवार, १७ मे

लाइट नाही. कॉफी आहे, पण तिच्यात भेसळीचा भाजलेला वाटाणाच जास्त.

सोमवार, २० मे

फिल्म जोडून झाली. नाव काय ठेवलंय? 'धीर'! ओब्दुलियाचा चेहरा अख्खा एक मिनिट, रिकामी पिशवी हातात. तिकडे कुठल्यातरी थंडगार शहरात लोक वाइन पीत बघतील, म्हणतील, किती सोशिक माणसं. मग टाळ्या वाजवून जेवायला जातील. आमचं नशीब दहा मिनिटांत गुंडाळून घरी न्यायला बरं पडतं त्यांना.

ओब्दुलिया वर आली होती बघायला. तिने बघावं हा माझा आग्रह, दारिएलचा नाही. शेवटपर्यंत बघितलं तिने.

"मी बरी दिसते," म्हणाली. "पण ओळ कुणी करायला लावली ते नाही यात. ते घाल. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी बावळट, स्वतःच नंबर घालवून बसली."

दारिएल म्हणाला, त्या वेळचा आवाज नाहीये आपल्याकडे.

खोटारडा! सात वाजल्यापासून माझं यंत्र चालू होतं, एक सेकंद बंद केलं नव्हतं. मी तसं त्याच्या तोंडावर म्हणाले. तर म्हणतो, "नको शोधूस. जाऊ दे ना." भीती वाटणारच त्याला!

ओब्दुलियाने माझा हात धरला. "तू शोध, पोरी," म्हणाली. "तू आमच्यातली आहेस." मी वचन दिलं. त्याचा आवाज फिल्मच्या सुरुवातीलाच टाकायला लावते, नाहीतर माझं नाव काढून टाक म्हणणार.

मंगळवार, २१ मे

दोनला लाइट आली, चारला गेली. सात ते पावणेनऊपर्यंतचं ऐकून झालं. स्कूटरी, खोकले, कुणाच्या तरी सुनेची निंदा. ओब्दुलिया टोपीवाल्याला एवेलियोच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतेय. तोही हसतोय. उद्या उरलेलं. सोडत नाही त्याला.

बुधवार, २२ मे

सापडलं. दहाला चार मिनिटं कमी. लांबून ट्रकचा आवाज येतोय. दारिएल हळू आवाजात म्हणतो, "राहू दे, बसलेत तसेच बसू देत." आणि मग माइकच्या अगदी जवळून एक बाई, चिडलेली: "अहो, सगळे त्या भिंतीशी ओळीत उभे राहा बरं! मला कुणाचा आवाज येत नाहीये."

सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा मीच.

ओब्दुलियाने आत्ताच खालून हाक मारून विचारलं, सापडला का गं त्याचा आवाज.