दोन एच आणि एक बकरा

चि. भीमसिंग भाऊजी यांस,

थोरल्या वहिनीचा, म्हणजे जमनाबाईचा, आशीर्वाद. इकडे नेरजवळच्या आपल्या तांड्यावर मी, लेक उज्ज्वला आणि दोन्ही म्हशी ठीक आहोत. तिकडे दिग्रसला तुम्हीही ठीक असाल असं लिहायचा रिवाज आहे, पण तुम्ही ठीक नसाल अशी मला शंका आहे आणि म्हणूनच हे पत्र. (फोनवर मी ‘तपासणी’ म्हटलं की तुमच्याकडचं नेटवर्क जातं. कागदाला ते लागत नाही.) रविवारच्या जेवणासाठी आणलेला बकरा दोन दिवसांपासून सापडत नाही असं कळलं. वाईट वाटलं. त्याच्यापायी फार पळापळ करू नका.

आरोग्य शिबिरातल्या रिपोर्टचा फोटो तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात. चांगलं कोलेस्टेरॉल एक्क्याण्णव, पुढे एच. खाली तुमचं वाक्य, ‘दादाची गादी मीच चालवून राह्यलो.’ भाऊजी, ते वाचून मी हातातलं पीठ तसंच ठेवून भिंतीपाशी गेले. तिथे तुमच्या दादांचा रिपोर्ट अजून काचेत लावलेला आहे.

आठवतं ना, तो आपण कसा वाचला होता? दोन ओळींसमोर एच होता. पुंडलिकराव गुरुजींनी सांगितलं, एच म्हणजे हाय, हाय म्हणजे उंच. पहिली ओळ चांगल्या कोलेस्टेरॉलची, शहाण्णव. उंच आणि वरून चांगलं, मग विचारायचंच काय. दुसऱ्या ओळीतलं कोलेस्टेरॉल वाईट होतं, एकशे अठ्ठ्याऐंशी, पण तिच्यापुढचा एचही आपण कौतुकातच धरला, जणू माणूस दोन विषयांत पहिला आला. कोलेस्टेरॉल चांगलं निघालं म्हणून बकरा कापणारं घर जिल्ह्यात दुसरं नसावं. सळोई मीच रांधली. (बकऱ्याच्या रक्ताची. त्यांनी दोनदा मागून घेतली.) अकरा महिन्यांनी तुरीच्या वावरात छाती दुखली तेव्हा ते म्हणाले, ‘मले कायले काही होते? माझं त चांगलं हाय.’ थोडा ओवा मागितला. मी ओवा आणायला घरी आले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हापासून मी वाचते. नेरच्या वाचनालयातल्या बाई आता मला पाहून शरीरशास्त्राचं कपाट आपणहून उघडतात. एका पुस्तकात एचडीएलमधल्या, म्हणजे त्या चांगल्या कोलेस्टेरॉलमधल्या, प्रथिनाची माहिती मिळाली. त्याचं नाव एपो ए-वन. चार वेळा वाचलं, कळलं नाही. पाचव्या वेळी आपली लदेणी आठवली आणि कळलं. आपले पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचे ना, ते प्रथिन म्हणजे तसला बैल. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेलं कोलेस्टेरॉल पाठीवर घ्यायचं आणि यकृताच्या पेठेत नेऊन उतरवायचं. आता रिपोर्टातला आकडा काय मोजतो? वाटेवरच्या गोण्या मोजतो. किती पेठेत उतरल्या ते मोजत नाही. पेठ बंद असली, बैल थकलेले असले, तरी रस्ता गोण्यांनी भरलेला दिसतो आणि बघणारा म्हणतो, वा, काय लदेणी आहे. आपण लदेणीवाल्यांची लेकरं, भरलेला बैल दिसला की खूश. दुसऱ्या कुणी असली चूक केली असती का, मला शंका आहे.

हे खरं की माझ्याच डोक्यातलं, हे विचारायला मी मंगळवारी यवतमाळला एका डॉक्टरांकडे गेले. (बस नेरपुढे बंद पडली. अर्धा तास उन्हात उभं राहून मी शेजारणीला लदेणी समजावली. दुसरी बस आल्यावर ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.) दवाखान्यात कंपाउंडरने माझ्या हातातला काचेतला रिपोर्ट पाहिला आणि वहीत त्याच्यावरचंच नाव लिहिलं. थोड्या वेळाने मोठ्याने पुकारलं, ‘डोंगरसिंग राठोड.’ तीन वर्षांत ते नाव कुणी असं हाक मारल्यासारखं घेतलं नव्हतं. मी उभी राहिले.

‘पेशंट कुठी हाय, बाई?’

‘येऊ शकत नाही.’

‘मग फोनवर बोलणं करून द्या डॉक्टरसाहेबांशी.’

‘तिथे नेटवर्क नाही,’ मी म्हटलं. त्याला ते पटलं, कारण आपल्याकडे पुष्कळ गावं तशी आहेत.

डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे. बैलांची गोष्ट पूर्ण ऐकली. म्हणाले, नुसत्या आकड्यावरून बैल थकले की नाही ते कळत नाही. तुमच्या मालकांचं नेमकं काय बिघडलं तेही आता सांगता येणार नाही. पण चांगल्याचा आकडा फार मोठा असला म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज सोडा. मग मी त्यांना मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला. त्यांनी पहिल्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. एकशे चौऱ्याहत्तर, एच. विचारलं, जिना चढताना यांना दम लागतो का? मी म्हटलं, लागतो, आणि ते जिन्याला शिव्या देतात. ते हसले नाहीत.

तुम्ही म्हणाल, ‘वहिनी, काहून घाबरून राह्यली?’ मी घाबरले नाही. घाबरायचं ते एकदा झालं. या खेपेला मी ओवा आणायला जाणार नाही, एवढंच ठरवलं आहे.

तुमची वहिनी,
जमनाबाई

ता. क. बकरा शोधू नका. परवा तुमच्या बायकोनेच, मानीबाईने, त्याला मालवाहू ऑटोत घालून माझ्याकडे आणलं आणि तिच्याच हाती हे पत्र देते आहे. तिला बोलू नका, बेत माझा होता. बकऱ्याची तब्येत उत्तम आहे. (त्याला दम लागत नाही.) तपासणीचा कागद दाखवा आणि घेऊन जा.

आणखी एक. त्याच डॉक्टरांकडे येत्या बुधवारी सकाळी दहाला तुमचं नाव लिहून आले आहे. मी बाकावर बसलेली असेन. भीमसिंग राठोड असं पुकारतील तेव्हा मी उठणार नाही, तुम्ही उठायचं.