पुन्हा सांग म्हणायचं नाही

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे मी ठीक आहे. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तुझं उत्तर ठरलेलं: मोबाइलवर टाइप केलेला एकच शब्द, "बरी". आठवडाभराची हकिकत एका शब्दात बसवणं तुझ्याकडून शिकावं. एके काळी याच बाईचा फोन ठेवायला मला गॅसवर दूध असल्याची थाप मारावी लागायची.

खोली तीच. नळ अजून गळतो, मालकीणबाई अजून "उद्या माणूस पाठवते" म्हणतात. परवा इस्त्रीवाल्याने कपडे देताना विचारलं, "पाहुणे आलेत का? आतून बोलणं ऐकू येतं." म्हटलं, "नाही हो, ऑफिसचं काम." त्याला पटलेलं दिसलं नाही. काम म्हणजे भाषा बनवायचं. आमच्या कंपनीच्या नव्या गेममध्ये तळ्याच्या तळाशी राहणारे लोक आहेत, त्यांना स्वतःची भाषा हवी होती.

तुला गंमत वाटेल म्हणून सांगतो. आधी आवाज निवडायचे. मी जिभेच्या टोकाला सुट्टी दिली. त, द, न, ल, र, स, ट, ड सगळे बाहेर. ओठांवरचे ठेवले: प, ब, भ, म, व. मागचे क, ग, ह. आणि स्वर, आखूड नि लांब. एवढ्यावर संसार मांडला. 'पोगी' म्हणजे मासा, 'पोगीपोगी' म्हणजे पुष्कळ मासे. प्रश्न विचारायचा तर शेवटचा स्वर लांबवायचा. घडून गेलेली गोष्ट सांगायची तर आधी नुसता 'ह' सोडायचा, दमल्यासारखा. अहो-जाहो ठेवलंच नाही. तळ्याच्या तळाशी कोण कुणाचा मान ठेवतो!

एका नियमाचा मात्र मला अभिमान आहे. या भाषेत 'काय?' किंवा 'पुन्हा सांग' म्हणायची सोय नाही. कळलं नाही, तर ऐकणाऱ्याने जे ऐकू आलं ते स्वतः म्हणून दाखवायचं. बरोबर असेल तर बोलणारा 'म्म' म्हणतो, चूक असेल तर 'अंहं'. खटपट सगळी ऐकणाऱ्याची.

आता कामाचं. या लोकांसाठी एका बाईचा आवाज हवा आहे, कंपनी मानधन देईल, तर मला वाटलं की तू

नाही. तुझ्यापुढे थाप मारणं मला कधीच जमलं नाही, दुधाचीही तू पकडायचीस. कंपनीने ही भाषा गेल्या महिन्यात नाकारली. साहेब म्हणाले, "बोबडी वाटते. जरा भारदस्त हवी." आता तळ्याचे लोक नुसते गुरगुरतात. मी मात्र ऑफिसातून आलो की तीच भाषा पुढे बनवत बसतो. कुणासाठी, ते तुला एव्हाना कळलं असेल.

जिभेचं ऑपरेशन होऊन तू घरी आलीस तेव्हा मावशी म्हणाली, "किती गोड बोलतेस गं, अगदी बाळासारखं!" तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी तू पाटी हातात घेतलीस ती घेतलीसच. लॅबच्या खिडकीतून पेशंटची नावं तू अशी पुकारायचीस की रस्त्यापलीकडचा चांभारही मान वर करायचा. आता आतल्या खोलीत बाटल्यांना लेबलं लावतेस. डॉक्टरांनी बोलायचा सराव सांगितलाय, असं मी म्हटलं, तर तू पाटीवर लिहिलंस, "कोणाशी?"

मागच्या खेपेला मी बेल लगेच वाजवली नव्हती. जिना चढून आलो तर आत तू बोलत होतीस. शेजारच्या मांजराने दूध सांडलं होतं आणि तू त्याला फैलावर घेतलं होतंस, अगदी जुन्या थाटात. मी बॅग हातात धरून दाराबाहेर उभा राहिलो. चोरून ऐकलं, हो. रागव हवं तर. कुठले आवाज तुझ्याकडे शाबूत आहेत ते मला तिथे समजलं. आणि खरं सांगू, त्या मांजराचा हेवा वाटला. मग बेल वाजवली, तू दार उघडलंस आणि पाटीवर लिहिलंस, "चहा?" आपण दोघं चहा प्यायलो. खडूचा तेवढा आवाज होत होता.

मला इथे बोलायला कुणी नाही, ताई. ऑफिसात बोलतात ते कामापुरतं. रविवारी तू फोन करून मला झापायचीस, तेवढंच काय ते माझं बोलणं होतं. आई गेली, तू गप्प झालीस. मला ढब्बू म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

या रविवारी सकाळी मी फोन करीन. उचल. आधी मीच बोलेन आणि पदोपदी चुकेन, कारण माझी जीभ नको तिथे लुडबुडते. या भाषेत बोबडा मी आहे. मग झाप मला, मांजराला झापलंस तसं. शब्द मी पाठवत नाही. पाठ करायला लावलं तर तू पुन्हा पाटीच उचलशील. तुला हवे ते घडव, मी शिकेन. नाही कळलं तर ऐकलेलं म्हणून दाखवीन, कितीही वेळा लागलं तरी.

ढब्बू तुला म्हणता यायचं नाही, म्हणून माझ्यासाठी नवं नाव शोधत होतो. बरीच घडवली, एकही धड जमलं नाही. मग लक्षात आलं की घडवायची गरजच नव्हती. आत्ता घरात मांजराशिवाय कुणी नसेल, तर खालची सही मोठ्याने वाच.

भाऊ