कपाटातलं ऑफिस

२ तारीख, सकाळी ७.१५
संकल्प. डायनिंग टेबलावरचं माझं ऑफिस हॉलमधल्या जुन्या लाकडी कपाटात हलवायचं. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर, वायरी, सगळं आत. संध्याकाळी दारं लावली की ऑफिस गायब! कल्पना संपूर्णपणे माझी. (परवा हिने असाच एक फोटो दाखवला होता, पण तो नुसता फोटो.)
मुदत रविवार, २२ तारीख. त्या दुपारी मेव्हणी आणि साडू जेवायला येणार. ही म्हणाली, आठ महिने मांडीवर ताट घेऊन जेवतेय. हॉस्पिटलात दिवसभर पेशंटच्या मागे उभी असते, घरी टेबलाशी नीट पाठ टेकून एक जेवण मिळावं, एवढंच मागणं आहे. वाईट वाटलं. शब्द दिला.

४ तारीख
कपाट रिकामं केलं. तीन ब्लँकेटं, एक जळका मिक्सर, कन्येची बालवाडीतली वॉटरबॅग. सगळं तात्पुरतं पलंगाशी, हिच्या बाजूला ठेवलं.
संध्याकाळी सगळं माझ्या बाजूला.

५ तारीख
मापं घेतली. मॉनिटर, प्रिंटर (झाकण उघडून आणि मिटून), माऊस फिरायची जागा, चहाचा कप कानासकट. ग्राफ पेपरवर चार रंगांत आराखडा. एकही गोष्ट सुटलेली नाही.

७ तारीख, दुपारी
कोपऱ्यावरच्या सुताराकडून फळ्या कापून आणल्या. फक्त कापून. साडूने बुकशेल्फ म्हणे स्वतःच्या हाताने केलंय, मग मला काय धाड भरलीय? सुताराने आराखडा उलटसुलट बघितला आणि विचारलं, साहेब, खाली तर ड्रॉवर आहेत, तुमचे गुडघे कुठे जाणार? मनात हसलो. हातचं काम जातंय म्हटल्यावर माणूस काहीही खुसपट काढतो.

१० तारीख
शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणलं. वायरींसाठी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं. भोक सुरेख. प्लग पॉइंट मात्र दुसऱ्या टोकाला निघाला. दुसरं भोक. कन्या (वर्ग नववी, जीभ बारावी) म्हणाली, बाबा, तिसरंही पाडून ठेवा, हवा खेळती राहील.

१४ तारीख
कंबर धरलीय. घाईचं काम मला आवडतही नाही.

१७ तारीख, संध्याकाळी ६
पूर्ण! सगळं आत. दारं लागतात! फोटो साडूला पाठवला. हिने दारं चारदा उघडून लावून पाहिली. रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. कन्येने टाळी वाजवली. एक.

१८ तारीख, सकाळी ९.०५
खुर्ची ओढून कामाला बसलो. गुडघे ड्रॉवरवर आपटले. कीबोर्ड हातभर लांब.
९.२०. तिरपा बसलो. मान डावीकडे, पाय हॉलच्या दाराकडे.
११.००. व्हिडिओ मीटिंग. बॉसने विचारलं, तुम्हाला कुठे निघायचंय का?
११.३०. डायनिंग टेबलावर. तात्पुरता.

१९ तारीख
ही मांडीवर ताट घेऊन जेवली. माझं ताट कीबोर्डशेजारी होतं, ते उचलून मीही मांडीवर घेतलं.
उद्या सुताराला बोलावतो. फक्त सल्ल्यासाठी.

२० तारीख, दुपारी ४.३०
सुतार आला. ड्रॉवरकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि खिशातून टेप काढली. सभ्य माणूस. मधले ड्रॉवर काढून पायांना जागा करतो, कीबोर्डची फळी खाली घेतो, म्हणाला. फक्त मापासाठी पाच मिनिटं खुर्चीत बसा. मी नेमका मीटिंगमध्ये. हातानेच खूण केली, मुलीला बसवा. गुडघे ते गुडघे.
चाळीस मिनिटांत काम फत्ते.

२१ तारीख
कपाट अप्रतिम झालंय. गुडघे अलगद आत जातात. कन्येचे. माझे कीबोर्डच्या फळीलाच अडतात.
तिने आत पुस्तकं लावली, दाराला आतून परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं. माझा मॉनिटर वायर गुंडाळून बाहेर ठेवला. फार जपून ठेवला, हे कबूल करायला हवं. तिला उठवणार नाही. मुलीच्या अभ्यासाच्या आड येणारा बाप मी नव्हे.

२२ तारीख, रविवार, दुपारी ३.३०
शब्द पाळला! डायनिंग टेबल रिकामं. ऑफिस बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर. उंची हवी तशी करता येते आणि खाली गुडघ्यांना मोकळं रान. इतके दिवस हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?
साडूने कपाट उघडून, वाकून, ठोकून पाहिलं. पसंतीची मान हलवली आणि सुताराचा नंबर मागितला.
ही खुर्चीला पाठ टेकून जेवली. दोनदा वाढून घेतलं. बहिणीशी बोलताना इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मी बघतच राहिलो. तीन आठवड्यांच्या खटपटीचं सार्थक झालं.
५.००. पाहुणे गेले. ही बेडरूममध्ये आली, माझ्या नव्या ऑफिसकडे कौतुकाने बघितलं. म्हणाली, उद्या सकाळची ड्युटी आहे, युनिफॉर्मला इस्त्री करायचीय, तेवढं हे हलवा.
५.१५. पलंगावर, माझ्या बाजूला, ब्लँकेटं आणि मिक्सरच्या मधे. मॉनिटर मांडीवर. तात्पुरता.