बाबांच्या फॉर्ममधली एक ओळ

बाबा,

तुम्ही फिरून याल तेव्हा मी ऑफिसात असेन. आमच्या एक्सचेंजमध्ये तुम्ही भरलेलं क्रिप्टो संशयास्पद म्हणून अडकलं आणि फाइल नेमकी माझ्याच टेबलावर आली! घरच्यांची फाइल चालत नाही, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीकडे सोपवली. रिफंड मिळाला तर क्रिप्टो ज्या वॉलेटमधून आलं त्याच वॉलेटमध्ये परत जातो. तेव्हा फोनमध्ये जागा करायच्या नादात ते वॉलेटचं ॲप उडवू नका, हात जोडते.

फॉर्ममधल्या ‘पैसे कुठून आले?’ या प्रश्नापुढे तुम्ही लिहिलंय, ‘लेकीने दातांसाठी दिलेले. तिच्या घरासाठी साठवतोय.’

म्हणजे वर्षभर तुमचे दातांचे डॉक्टर सुट्टीवर होते ते असे!

शनिवारची वेळ घेतलीये, मी सोबत येतेय. सफरचंद किसून ठेवलंय, काळं पडायच्या आत खा.