धुराबिगर भाकरी

आप्पा,

माझ्या अंगठ्याच्या नखाखाली गंजाची रेघ बसली आहे. साबणाने निघत नाही, लिंबाने निघत नाही. शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की ती दिसते आणि तुम्ही आठवता, कारण तुमच्या नखांखाली असंच काळं असायचं. मग उरलेला तास मी मुलांवर विनाकारण चिडत राहते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

मी एक जुनं गॅसचं ग्रिल आणलं आहे. तुमच्या वेळेला आपल्याकडे ही वस्तू नव्हती. चाकांवरची, झाकणाची मोठी शेगडी समजा. आत गॅसच्या तीन लांब नळ्या आणि वर बिडाची जाड जाळी. शहरातले लोक ती गच्चीत ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावर कोंबडी, पनीर, कणसं भाजतात. सूसच्या एका सोसायटीतलं कुटुंब घर बदलत होतं, त्यांनी हे टाकायला काढलेलं. पावसात भिजून त्याची पार रया गेली होती. तिथले साहेब मला कौतुकाने सांगत होते, "वीकेंडला किचन माझ्याकडे असायचं, मॅडम. फुल माझ्याकडे." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "तीनदा केलंस रे. आणि जाळी कोण घासायचं, तेही सांग की." साहेब हसले. मीही हसले, पण आत वळून मला तिच्याकडे बघवेना.

टेम्पो चुलतभावाचा. दोरी आवळता आवळता तो म्हणाला, "ताई, ह्ये काय उचललंस? अंडी उबवायची पेटी हाय का काय?" मी म्हटलं, भाजायची शेगडी आहे. "मग चालू कोन करनार हिला?" मी म्हटलं, मी. तो स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "तू? आप्पा पायजे हुते आज. चहा निवायच्या आत निळी ज्योत काढली असती त्यांनी." 

सगळ्यांना तुम्ही असेच आठवता. गॅसवाले आप्पा. एजन्सीचा खाकी शर्ट, मोपेडला अडकवलेली पान्यांची पिशवी, आणि कुणाच्याही दारात गेलं तरी आधी वहाणा काढणं. एका सुट्टीत तुम्ही मलाही मागे बसवून नेलं होतं. भूगावच्या पुढे एक बंगला. तुम्ही ओट्याशी गुडघे टेकून बसला आहात, मी पिशवी धरून उभी आहे, आणि बंगल्यातल्या बाई डोळ्यांना पदर लावून म्हणताहेत, पिवळ्या ज्योतीने सगळी भांडी काळी झाली. तुम्ही बर्नर बसवता, काडी लावता, खालची हवेची चकती किंचित फिरवता. पिवळी ज्योत आखडते, निळी होते. मग तुम्ही इतक्या मऊ आवाजात बोलता, की मी चमकून तुमच्याकडे बघते. "आता धूर न्हाई यायचा, बाई. डोळ्याला तरास नको." तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे होती. लाकडं ओली होती. ती फुंकणीने फुंकत होती, खोकत होती, परत फुंकत होती. मी त्या बंगल्यातून नुकतीच आले होते, म्हणून विचारलं, आप्पा, आपल्याकडे गॅस कधी आणायचा? तुम्ही ताटावर बसला होता. भाकरी मोडत म्हणालात, "गॅसवरची भाकरी ही काय भाकरी असती? रबार नुसतं. धुराबिगर चव न्हाई." मी म्हटलं, पण आईच्या डोळ्यांना त्रास होतो ना. त्यावर तुम्ही ताट बाजूला सारलं. "लई शाळा शिकलीस काय गं? आईला इचार, ती बोलली का कदी?"  आईने तुमच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

आणि बर्नर, आप्पा. लोकांचे बर्नर. ते कोण साफ करायचं हे टेम्पोवाल्याला ठाऊक नाही, बंगल्यातल्या बाईंना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तुम्ही पिशवी आईसमोर उपडी करायचा. तेलाने, उतू गेलेल्या दुधाने बुजलेले पितळेचे बर्नर. आई ते चिंचेच्या पाण्यात उकळायची, आपल्याच चुलीवर, आपल्याच धुरात. मग आपल्याच चुलीतली राख लावून घासायची आणि एकेक भोक सुईने मोकळं करायची. सकाळी तुम्ही ते फडक्यात गुंडाळून न्यायचा. लोक म्हणायचे, आप्पांचा बर्नर कसा सोन्यासारखा निघतो. ती चुलीपुढे बसून दुसऱ्यांचा गॅस उजळत होती, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच आया संध्याकाळी बर्नर घासतात.

तरी हे मी गिळलं असतं. मनाशी म्हटलं असतं, जुना माणूस, जिभेची सवय, त्याला खरंच तसं वाटत असेल. पण माझ्या लग्नात तुम्ही काय दिलंत आठवतं? मांडवात सगळ्यांसमोर स्टीलची दोन बर्नरची शेगडी ठेवलीत, वर लायटर, लायटरला लाल रिबन. व्याह्यांना म्हणालात, "माझ्या पोरीला धूर नको." बायका पदराने डोळे पुसत होत्या. केवढं प्रेम बापाचं. मी तुमच्या पाया पडायला वाकले आणि वर येताना मागे उभी आई दिसली. तिचेही डोळे लाल होते, पण ते त्या दिवशीचे नव्हते. म्हणजे तुम्हाला कळत होतं. धूर काय करतो, कुणाच्या डोळ्यांना, कुणाच्या छातीला, सगळं कळत होतं. चव हे नुसतं सांगायला होतं. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

तुमच्या माघारी मी आईला गॅस घेऊन दिला. चहा, भाजी गॅसवर गेली, पण भाकरी ती परसातल्या चुलीवरच करत राहिली. तव्यावरून उतरवून आहारापुढे, लाल निखाऱ्यांपुढे, उभी करायची, फुगली की फडक्याने दाबायची. गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. पिरंगुटच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "आजी, विडी ओढता का? जुनी सवय असेल, खरं सांगा." आई तोंडावर पदर घेऊन हसली. "या बया! म्या? विडी?" बाहेर रिक्षात बसेपर्यंत हसत होती. मी हसले नाही. डॉक्टरांनी एक तोंडाने ओढायचा पंप दिला आणि चूल बंद करायला सांगितली.

तिथून तिचं खाणं तुटलं. गॅसच्या शेगडीवर मी भाकरी करून देत होते, ती चतकोर खाऊन ताट सारायची, अगदी तुमच्यासारखं. म्हणायची, "गिळती गं, पर लागत न्हाई." हात काडीसारखे झाले. एक दिवस शाळेतून आले तर परसात धूर. आई चुलीपुढे भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळसर, तव्यावर भाकरी करपलेली. पंप देऊन तिचा श्वास जागेवर आणला, आणि मग मी टिकाव घेतला आणि चूल फोडली. मातीचं एक ढेकूळ शिल्लक ठेवलं नाही. ती बघत होती. मी ओरडत होते, तुमच्यावर, पण तुम्ही तिथे नव्हता आणि ती होती. त्यानंतर आई माझ्याशी बोलेना, आणि चतकोर होती तीही खाईना.

पौड रस्त्याला आता किती पाट्या आहेत तुम्ही बघायला हवं होतं. चुलीवरचं मटण. चुलीवरची भाकरी. चुलीवरचा चहासुद्धा. शनिवारी गाड्यांची रांग लागते, लोक बोटं चाटत म्हणतात, ऑथेंटिक आहे. मी एकदा हात धुवायला मागे गेले. पत्र्याच्या आडोशाला दोन बायका भाकऱ्या थापत होत्या, आणि त्यातली एक आईसारखीच खोकत होती, आवाज न करता, खांदे हलवून. पुढे तुमच्यासारखंच कुणीतरी म्हणत होतं, चव आहे हां. मी न जेवता उठले. आहारासारखी धग आणि धूर मात्र नाही, असं काही मिळेल का, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं.

तर हे ग्रिल. मला यातलं काहीही येत नव्हतं. तुम्ही मला पाना कधी धरू दिला नाहीत. हात लावला की "ठेव खाली, तुजं काम न्हाई ते" एवढंच. मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून मी एकेक स्क्रू काढला. आतले पत्रे हातात घेतले तर चुरा झाले, ते नवे कापून आणले. रबरी नळी कडक होऊन तडकली होती, ती बदलली. आणि जाळी? जाळीच्या बाबतीत मी काय केलं सांगू? मला लोखंड, पितळ, बीड यातला फरक कळत नव्हता. मला घासायची एकच रीत माहीत होती. मी घमेलंभर चिंच भिजवली आणि जाळी रात्रभर त्यात बुडवून ठेवली.

सकाळी गंज निघालेला होता. जाळी बाहेर काढून पुसली, उन्हात ठेवली आणि चहा करून आले, तर पुन्हा सगळी नारिंगी. आधी होती त्याहून वाईट. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. मागून आईचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. "चिच? बिडाला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली, पंप ओढला, परत हसली. "अगं येडे, चिच पितळंला. तव्याला कुनी चिच लावतं का? एवढी मास्तरीन झालीस!" मी म्हटलं, तूच तर लावायचीस. "ती लोकाची पितळ हुती," ती म्हणाली आणि हसायची थांबली. मग तिने पदर खोचला. जाळी परत घासायला लावली, तेल मागितलं, अर्धा कांदा मागितला, आणि नवा तवा तयार करावा तशी ती जाळी तापवून, तेल चोळून, परत तापवून काळी कुळकुळीत करून घेतली. तापवायला आमची स्वयंपाकघरातलीच शेगडी होती. तुमची. लाल रिबनची. लग्न मोडल्यावर सासरहून मी जे घेऊन आले त्यातली तेवढी एकच वस्तू अजून धड आहे.

काल नळी जोडली. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडे आले नाहीत. दोन बर्नर पेटले, तिसरा पेटेना. नळीत तार घातली तर कोळ्याचं जाळं निघालं, मुठीएवढं. मग तोही पेटला, पण सगळ्या ज्योती पिवळ्या, लांब, काजळी सोडणाऱ्या. मी गुडघे टेकून बसले आणि खालची चकती किंचित फिरवली. हे व्हिडिओत नव्हतं. हे मी भूगावच्या बंगल्यात पिशवी धरून उभी असताना पाहिलं होतं. ज्योत आखडली. निळी झाली.

आईने परसातच परात घेतली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग तवा बाजूला करून सरळ जाळीवर ठेवली. भाकरी टम्म फुगली, कडेला काळे डाग पडले. शेजारी एक वांगं भाजायला ठेवलं होतं, त्याची साल तडकत होती. आईने भाकरीचा तुकडा मोडला, नुसताच, काही न लावता तोंडात टाकला. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. शाळेच्या निकालाकडेसुद्धा मी कधी असं बघितलं नव्हतं. तिने दुसरा तुकडा मोडला. मग वांगं घेतलं, मीठ घेतलं. अख्खी भाकरी संपली आणि तिने दुसरी टाकली.

मी विचारलं, "लागती?"

"लागती की."

"पहिल्यासारखी?"

"तश्शीच." हात पुसत ती निळ्या ज्योतीकडे बघत राहिली. श्वास संथ होता, डोळे कोरडे होते. मग म्हणाली, "धुराबिगर बी तश्शीच लागती. मग एवढी वर्सं कशाला गं?"

मला नाही विचारलं तिने, आप्पा. तिने तुम्हाला विचारलं. तुमच्याकडे उत्तर नाही हे मला माहीत आहे, आणि होतं तरी तुम्ही ताट सारून उठला असता. पण निदान प्रश्न तुमच्या नावावर असावा, एवढ्यासाठी हे लिहिलं.

आता जे लिहिते आहे ते मी आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिने दिलेली भाकरी मीही खाल्ली. चांगली होती, खरपूस होती. पण दुसऱ्या घासाला माझी जीभ काहीतरी शोधायला लागली, आणि तिला जे सापडत नव्हतं तो धूर होता. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर एवढ्या ओळी मी खोडल्या असत्या.