डाव्या कानातली शिट्टी

सोम., ३ नोव्हें.
कारखान्यात गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये माझ्या जपानी जोडीदाराचं, ओकाबेसानचं बोट चेमटलं. नख काळंनिळं, पण पठ्ठ्या हूं की चूं नाही. मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तर तसल्याच जर्मनमध्ये म्हणाला, "आमच्याकडे कोराएरू म्हणतात. दुखणं असो, रडू असो, आत धरून ठेवायचं." म्हटलं, "आमच्याकडे त्याला फिटर म्हणतात." हसला. मीही. माझा डावा कान तेव्हा ठणकत होता, ते नाही सांगितलं.

गुरु., ६ नोव्हें.
शुभा स्वयंपाकघरातून: "अहो, कधीची हाक मारतेय! का ऐकायचंच नाही?" ती डावीकडे होती. शिट्टी आता थांबतच नाही. बारीक, कुकर वाफ धरतो तशी. माझं कामच ते: गिअरबॉक्स फिरवायचा, कान लावायचा, पास की नापास सांगायचं. आयटीआयपासून जर्मनीतल्या या र्युसेल्सहाइमपर्यंत याच कानांवर आलो. आवाज मोजायला मायक्रोफोन आहेत, पण शेवटची सही माझी. कुणाला कळलं तर...

सोम., १० नोव्हें.
कानाचे डॉक्टर. एक ते दहामध्ये किती दुखतं? "दोन." रात्री उशीत कान दाबून पडलेला माणूस हा.
मग होअरटेस्ट, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी. खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबा. काचेपलीकडे टेस्ट घेणाऱ्या बाईंचा आवाज सोडणारा हात दिसत होता. हात हलला की मी दाबलं. "पेर्फेक्ट!" म्हणाल्या. बसमध्ये आधी हसू आलं, मग नाही. शुभाला सांगितलं, मळ होता.

बुध., १२ नोव्हें.
नव्या बॉक्सला तिसऱ्या गिअरमध्ये शिट्टी. त्याची की माझी? कळेना. असं कधीच झालं नव्हतं. मायक्रोफोनचा आलेख अगदी काठावर. ओकाबेसानला विचारलं, "ऐकू येतंय?" "या, गेनाऊ!" लगेच म्हणाला, म्हणजे हो, अगदी. तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत पिवळे इअरप्लग होते.
म्हणजे याला माझ्या कानाचं माहीत आहे. कधीपासून?
सही केली नाही. लाल चिठ्ठी लावून बॉक्स बाजूला.

गुरु., १३ नोव्हें.
चहाच्या वेळी शुभाला सगळं सांगितलं. टेस्टचंसुद्धा. ओरडेल वाटलं होतं. उठली, कप घेऊन माझ्या उजवीकडे येऊन बसली. तेच जास्त लागलं.
डॉक्टरांकडे पुन्हा वेळ घेतली. या खेपेला खुर्ची फिरवून मागणार, काचेकडे पाठ. साहेबांना आधी सांगायचं की नंतर, ते ठरत नाही. बॉक्स तिथेच आहे. सकाळी ओकाबेसान त्याच्याशेजारी उभा होता. इअरप्लग काढून हातात, कान बॉक्सकडे.